लोकसंख्येची वय-लिंगरचना

एखाद्या प्रदेशातील लोकसंख्येची वय व लिंग या दोन लक्षणांनुसार केलेली विभागणी म्हणजे त्या लोकसंख्येची वय-लिंगरचना होय. लोकसंख्येचा एकूण आकडा ती किती मोठी आहे एवढेच सांगतो. तिच्यात बालके किती, कमावत्या वयाच्या व्यक्ती किती, वृद्ध किती आणि यांपैकी प्रत्येक वयोगटात स्त्री-पुरुषांचे परस्परप्रमाण काय, हे वय-लिंगरचनेवरून कळते. शाळा, रुग्णालये, रोजगार, निवृत्तिवेतन यांच्या भावी गरजांचा अंदाज तिच्यावरच आधारलेला असतो. शिवाय प्रत्येक वयोगट हा भूतकाळातील एका विशिष्ट काळी जन्मलेल्यांचा उरलेला समूह असल्यामुळे, वय-लिंगरचनेत मागील सत्तर-ऐंशी वर्षांतील जन्म, मृत्यू व स्थलांतर यांच्या खुणा एकत्र साठलेल्या असतात. प्रस्तुत नोंदीत विषयाच्या स्पष्टीकरणासाठी मुख्यतः विदर्भातील बुलढाणा या शेतीप्रधान जिल्ह्याचे उदाहरण घेतले आहे.

माहितीची साधने : वय-लिंगरचनेचे प्रमुख साधन जनगणना हे होय. वऱ्हाड प्रांतात १८६७ साली, म्हणजे अखिल भारतीय स्वरूपाच्या पहिल्या जनगणनेपूर्वी (१८७२), शिरगणती झाली होती. संपूर्ण देशात एकाच वेळी घेतलेली पहिली जनगणना १८८१ ची. तेव्हापासून दर दहा वर्षांनी होणाऱ्या गणनांतून वय व लिंग यांनुसार कोष्टके प्रसिद्ध होत आली. २०११ च्या जनगणनेत ९ ते २८ फेब्रुवारी या काळात मोजणी झाली व १ मार्चची मध्यरात्र हा संदर्भक्षण मानण्यात आला. या काळात व्यक्ती जेथे राहत असेल तेथे तिची नोंद होते. फेब्रुवारी हा ऊसतोडणीचा हंगाम असल्याने, त्या कामासाठी दीर्घकाळ बाहेर गेलेली कुटुंबे मूळ गावच्या गणनेत येत नाहीत, ही गोष्ट मराठवाडा व त्यालगतच्या भागांतील आकडे वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

वयाची नोंद ही जनगणनेतील सर्वांत सदोष नोंदींपैकी एक आहे. जन्मतारीख ठाऊक नसलेली व्यक्ती आपले वय अंदाजाने सांगते आणि असा अंदाज बहुधा शून्य किंवा पाच यांनी संपणाऱ्या आकड्यावर स्थिरावतो. परिणामी ३०, ३५, ४०, ५० या वयांच्या व्यक्ती फुगलेल्या व २९, ३१, ४९, ५१ या वयांच्या व्यक्ती घटलेल्या दिसतात. या दोषाचे मापन ‘व्हिपल निर्देशांका’ने करतात. २३ ते ६२ या वयांतील एकूण व्यक्तींपैकी शून्य किंवा पाच यांनी संपणारी वये सांगणाऱ्यांचे प्रमाण त्यात पाहिले जाते. पसंतीचा दोष मुळीच नसल्यास निर्देशांक १००, तर सर्वांनीच अशी वये सांगितल्यास तो ५०० येतो. हा दोष टाळण्यासाठी प्रगणकांना स्थानिक घटनांच्या आधारे वय ठरविण्यास सांगण्यात येते. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात १९७२ चा दुष्काळ ही अशी एक सर्वपरिचित खूण होय. पाच-पाच वर्षांचे गट केल्यास हा दोष पुष्कळसा कमी होतो. म्हणूनच वयोरचनेची कोष्टके सामान्यतः ०–४, ५–९, १०–१४ अशा गटांत मांडतात.

मापनाची परिमाणे : वयोरचनेचे सर्वांत प्रचलित परिमाण म्हणजे अवलंबित्वाचे गुणोत्तर. १५ ते ५९ या वयांतील दर शंभर व्यक्तींमागे १५ वर्षांखालील व ६० वर्षांवरील मिळून किती व्यक्ती आहेत, हे त्यावरून कळते. १९७१ साली भारतात १५ वर्षांखालील मुलांचे प्रमाण ४२ टक्के व ६० वर्षांवरील वृद्धांचे ६ टक्के होते. म्हणजे हे गुणोत्तर सुमारे ९२ होते. २०११ साली मुलांचे प्रमाण ३०·८ टक्क्यांवर उतरले, वृद्धांचे ८·६ टक्क्यांपर्यंत वाढले आणि गुणोत्तर सुमारे ६५ झाले. अर्थात पंधरा ते एकोणसाठ वयाची प्रत्येक व्यक्ती कमावती असते असे नाही व साठी उलटलेला शेतकरी काम थांबवितो असेही नाही. त्यामुळे हे गुणोत्तर आर्थिक भाराचे स्थूल निदर्शक मानावे.

लिंगरचनेसाठी भारतात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या हे परिमाण वापरतात. अनेक पाश्चात्त्य देशांत याउलट दर शंभर स्त्रियांमागे पुरुषांची संख्या देण्याची पद्धत आहे. त्यामुळे दोन देशांच्या आकड्यांची तुलना करताना परिमाण प्रथम तपासून घ्यावे लागते. संपूर्ण लोकसंख्येच्या प्रमाणाबरोबरच जन्मकालीन प्रमाण, ० ते ६ वर्षे या बालगटातील प्रमाण आणि वृद्धांतील प्रमाण ही स्वतंत्रपणे काढतात. ही चार प्रमाणे एकाच गोष्टीची मापे नव्हेत, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

लोकसंख्या-मनोरा : वय व लिंग यांचे एकत्रित चित्र ज्या आलेखाने दाखवितात त्यास लोकसंख्या-मनोरा म्हणतात. उभ्या अक्षावर खालून वर चढत्या क्रमाने वयोगट मांडून त्याच्या डावीकडे पुरुषांची व उजवीकडे स्त्रियांची संख्या किंवा टक्केवारी आडव्या पट्ट्यांनी दाखवितात. अमेरिकेच्या १८७० च्या जनगणनेवर आधारलेल्या नकाशासंग्रहात (१८७४) फ्रान्सिस वॉकर (१८४०–९७) या संख्याशास्त्रज्ञाने हा आलेख प्रथम वापरला. जननप्रमाण दीर्घकाळ उच्च असलेल्या लोकसंख्येत पाया रुंद व शिखर निमुळते असते. जननप्रमाण व मर्त्यता दोन्ही कमी होऊन स्थिरावल्यास मनोऱ्याच्या बाजू जवळजवळ उभ्या होतात. जननप्रमाण पुढेही घटत राहिल्यास पाया मध्यभागापेक्षा अरुंद होतो.

मनोरा वाचताना पट्ट्यांच्या लांबीइतकेच त्यांतील खाचांकडे व दोन बाजूंमधील विषमतेकडे लक्ष द्यावे लागते. एखाद्या वर्षी जन्म घटले, तर पडलेली खाच दर दहा वर्षांनी दोन पायऱ्या वर सरकलेली दिसते. तो समूह प्रजननक्षम वयात आला की त्याच्या अपत्यांच्या गटातही मंद स्वरूपाची दुसरी खाच उमटते.

रचना ठरविणारे घटक : वय-लिंगरचना जनन, मर्त्यता व स्थलांतर या तीन घटकांनी ठरते. सामान्य समजूत अशी असते, की आयुर्मान वाढल्यामुळे समाज वृद्ध होतो. ती अंशतःच खरी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ॲल्फ्रेड लोट्का (१८८०–१९४९) याने विकसित केलेल्या स्थिर लोकसंख्येच्या सिद्धांतावरून असे दिसून आले, की वयोरचनेवर मर्त्यतेपेक्षा जननाचा प्रभाव पुष्कळ अधिक असतो. याचे कारण असे, की जननातील घट केवळ पायावर परिणाम करते, तर मर्त्यतेतील घट सर्व वयांत विखुरलेली असते. किंबहुना बालमृत्यू कमी झाल्यास आरंभी मुलांचेच प्रमाण वाढून लोकसंख्या तरुण होते. महाराष्ट्रात एकूण जननदर २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १·७ पर्यंत उतरला होता. पिढी भरून निघण्यास लागणाऱ्या २·१ या पातळीच्या तो बराच खाली आहे. राज्याच्या मनोऱ्याचा पाया आकुंचन पावण्याचे हेच मुख्य कारण होय.

मर्त्यतेचा परिणाम संकटकाळात ठळक होतो. जुन्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ साली ४,२३,६१६ होती. १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांमुळे दशकात ती सुमारे १२ टक्क्यांनी घटली होती. (१९०५ मधील पुनर्रचनेत जिल्ह्याचा विस्तार झाला, विस्तारित क्षेत्राची १९०१ ची लोकसंख्या ६,१३,७५६ होती. या दोन आकड्यांची गल्लत होऊ नये.) दुष्काळात बालके व वृद्ध अधिक प्रमाणात दगावतात आणि जन्मही घटतात, त्यामुळे मनोऱ्याचा पाया व शिखर दोन्ही झिजतात. भारतातील दुष्काळांत पुरुषांचा मृत्युदर स्त्रियांपेक्षा अधिक असल्याचे आढळले आहे. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीचे स्वरूप याच्या उलट होते. मध्य प्रांत व वऱ्हाड हा या साथीने सर्वाधिक ग्रासलेल्या प्रांतांपैकी एक होता. या साथीत ऐन तारुण्यातील माणसे, त्यांतही स्त्रिया, अधिक मृत्युमुखी पडल्या. महाराष्ट्राच्या आजच्या क्षेत्रातील स्त्रियांचे प्रमाण १९०१ साली हजारी ९७८ होते, ते १९२१ साली ९५० झाले; या घसरणीत साथीचाही वाटा आहे.

स्थलांतराचा परिणाम वय व लिंग या दोहोंनुसार निवडक असतो. कामासाठी बाहेर पडणारे बहुतांशी तरुण पुरुष असल्याने मूळ गावी स्त्रिया, मुले व वृद्ध यांचे प्रमाण वाढते व शहरात पुरुषांचे. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहर जिल्ह्यात केवळ ८३२. हे आकडे त्या त्या ठिकाणच्या स्त्रियांची स्थिती सांगत नाहीत, तर कोकण व मुंबई यांच्यातील शतकभराचे चाकरीचे नाते सांगतात.

बुलढाणा जिल्ह्याची लिंगरचना : २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. तीत १३,३७,५६० पुरुष व १२,४८,६९८ स्त्रिया होत्या. म्हणजे स्त्रियांचे प्रमाण हजारी ९३४. महाराष्ट्राचे त्या वर्षीचे प्रमाण ९२९ होते. केवळ हे दोन आकडे पाहणाऱ्यास जिल्ह्याची स्थिती राज्यापेक्षा किंचित बरी वाटेल. २००१ मधील ९४६ शी तुलना करता दहा वर्षांत बारांची घट झाली, तीही फार मोठी वाटणार नाही.

वयानुसार विभागणी केल्यावर हे चित्र पालटते. ० ते ६ वर्षे वयोगटात जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ साली ९०८ होती. २०११ साली ती ८५५ झाली. त्याच काळात राज्याचे प्रमाण ९१३ वरून ८९४ वर आले. म्हणजे २००१ साली जिल्हा राज्याच्या जवळपास बरोबरीने होता, तो दहा वर्षांत हजारी ३९ नी मागे पडला. एकूण प्रमाण आणि बालगटातील प्रमाण यांतील ही तफावत वयोरचनेवरूनच उलगडते. एकूण आकड्यात सात वर्षांवरील सर्व पिढ्यांचा समावेश असतो, त्यांच्यातील स्त्रियांचे प्रमाण ९३४ पेक्षाही अधिक आहे आणि संख्येने त्या फार मोठ्या असल्याने बालगटातील तूट त्यांच्यात झाकली जाते. राज्याच्या पातळीवर तर २००१ ते २०११ या दशकात एकूण प्रमाण ९२२ वरून ९२९ पर्यंत वाढले आणि बालगटातील प्रमाण मात्र घटले. स्त्रियांचे आयुर्मान वाढल्याने वरच्या वयोगटांत त्यांची संख्या वाढत होती (२०११ साली भारतात ६० वर्षांवरील दर हजार पुरुषांमागे १,०३३ स्त्रिया होत्या), तर पायथ्याशी ती कमी होत होती.

८५५ या आकड्याचा अर्थ कळण्यासाठी स्वाभाविक प्रमाण माहीत असावे लागते. मुलींपेक्षा मुलगे काहीसे अधिक जन्मतात, ही गोष्ट जॉन ग्रांट (१६२०–७४) याने लंडनमधील बाप्तिस्म्यांच्या नोंदींवरून १६६२ सालीच निदर्शनास आणली होती. मानवी हस्तक्षेप नसेल तेथे दर शंभर मुलींमागे १०४ ते १०६ मुलगे, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे सुमारे ९४३ ते ९६२ मुली जन्मास येतात. सारखी निगा मिळाल्यास बालवयात मुलींपेक्षा मुलगेच थोडे अधिक दगावतात; म्हणून सहा वर्षांपर्यंत हे प्रमाण किमान ९५० च्या आसपास राहावयास हवे. त्या मानाने बुलढाणा जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५ मुली कमी होत्या. अपेक्षित दहा मुलींपैकी एक मुलगी नव्हती, असा याचा अर्थ होतो. जिल्ह्यातील या वयोगटाची संख्या तीन लाखांच्या वर असल्याने, ही तूट पंधरा हजारांहून अधिक मुलींची ठरते.

एवढी तूट योगायोगाने पडू शकत नाही. लहान संख्येत मात्र योगायोगाचा प्रभाव मोठा असतो. शंभर जन्मांत ४१ ते ६१ मुलगे असणे संख्याशास्त्रदृष्ट्या सामान्य आहे. म्हणजे एखाद्या गावात एखाद्या वर्षी मुलींचे प्रमाण हजारी ६४० इतके खाली किंवा १,४४० इतके वर जाऊ शकते. म्हणून एका गावाच्या एका वर्षाच्या आकड्यावरून त्या गावास दोष देणे किंवा त्याचा गौरव करणे, दोन्ही अशास्त्रीय होत. तीन लाख मुलांच्या समूहात मात्र केवळ योगायोगामुळे हजारी सात-आठांहून अधिक फरक पडणे दुर्मिळ असते.

कारणमीमांसा : भारतातील स्त्रियांच्या कमी प्रमाणाची चर्चा जुनी आहे. जनगणनेत स्त्रियांची नोंद कमी होते, असे एक स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले जाई. प्रवीण विसारिया यांच्या १९६१ च्या जनगणनेवरील प्रबंधाने (१९७१) मुलींची व स्त्रियांची अधिक मर्त्यता हे प्रमुख कारण असल्याचे दाखविले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांनीही १९७५ साली या घटत्या प्रमाणाची चिकित्सा केली. त्या काळी तूट मुख्यतः जन्मानंतरच्या दुर्लक्षातून व बाळंतपणातील मृत्यूंतून उद्भवत होती. १९८० नंतर गर्भजलपरीक्षा व सोनोग्राफी यांचा गर्भलिंगनिदानासाठी गैरवापर सुरू झाल्यावर ती जन्मापूर्वीच पडू लागली.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. मुलगा होईपर्यंत अपत्ये होऊ देणे, या प्रथेमुळे जन्मकालीन प्रमाण बदलत नाही, कारण प्रत्येक गर्भधारणेत मुलगा किंवा मुलगी होण्याची संभाव्यता पूर्वीच्या अपत्यांवर अवलंबून नसते. त्या प्रथेने कुटुंबे मोठी होतात एवढेच. प्रमाण बदलते ते निवड केल्यामुळे. अपेक्षित अपत्यसंख्या चार-पाचांवरून दोनवर आली आणि मुलगा हवाच ही अपेक्षा मात्र कायम राहिली, तेव्हा निवडीचा दबाव वाढला. म्हणूनच जननप्रमाणातील इष्ट मानलेली घट आणि मुलींच्या प्रमाणातील अनिष्ट घट एकाच काळात घडून आलेली दिसते.

गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्रीय कायदा १९९४ साली संमत होऊन १९९६ पासून अंमलात आला आणि गर्भधारणापूर्व लिंगनिवडीचाही त्यात समावेश करून तो २००३ पासून व्यापक करण्यात आला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ या केंद्रीय योजनेच्या पहिल्या टप्प्यातील शंभर जिल्ह्यांत महाराष्ट्राचे दहा जिल्हे होते. बुलढाणा त्यांपैकी एक होय. राजमाता जिजाबाईंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा याच जिल्ह्यात आहे.

परिणाम व भवितव्य : बालगटातील तूट नंतर भरून काढता येत नाही, ती त्या पिढीबरोबर मनोऱ्यात वर सरकत राहते. २०११ साली ० ते ६ वर्षांच्या असलेल्या मुली २०२२ ते २०२९ या काळात अठरा वर्षांच्या होतात, तर त्याच गटातील मुलगे २०२५ ते २०३२ या काळात एकवीस वर्षांचे. पतीचे वय पत्नीपेक्षा तीन-चार वर्षांनी अधिक असण्याची रीत आहे. त्यामुळे प्रत्येक पिढीतील तरुणांस आपल्यानंतर जन्मलेल्या मुलींच्या गटातून वधू शोधावी लागते. जन्म दरवर्षी घटत असल्यास तो गट आधीच लहान असतो. त्यात लिंगनिवडीने पडलेल्या तुटीची भर पडते. या स्थितीस लोकसंख्याशास्त्रात विवाहसंकोच म्हणतात. त्याचा भार समाजात सारखा वाटला जात नाही; अल्पभूधारक व अल्पशिक्षित तरुणांस तो प्रथम जाणवतो. दुर्मिळता आली की स्त्रियांचे मोल आपोआप वाढेल, ही अपेक्षाही निराधार आहे. मुलींचे विवाह लवकर उरकणे व दूरच्या प्रदेशांतून वधू आणणे हे परिणाम उत्तर भारतातील अशा जिल्ह्यांत आढळून आले आहेत.

नियोजित २०२१ ची जनगणना कोव्हिड-१९ च्या साथीमुळे लांबली. जून २०२५ मधील अधिसूचनेने नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन निश्चित केला. त्या दिवशी २०११ चा बालगट १६ ते २२ वर्षांचा असेल. विवाह व शिक्षण यांमुळे होणारी ये-जा वजा केल्यास, या वयोगटातील स्त्री-पुरुष प्रमाणावरून २०११ च्या ८५५ या आकड्याची पडताळणी करता येईल. मुलींची नोंद पूर्वी राहून गेली असेल, तर ती येथे उघड होईल. त्याच कोष्टकात ० ते ६ वर्षांचा नवा गट, म्हणजे मार्च २०२० नंतर जन्मलेली मुले, सर्वांत खालच्या पायरीवर असेल. गेल्या दशकातील कायदा व लोकशिक्षण यांचे फळ मोजावयाचे तर जिल्ह्याच्या एकूण प्रमाणाकडे न पाहता याच पायरीकडे पाहावे लागेल. जनगणनांच्या मधल्या काळात १९६९ च्या कायद्यान्वये होणारी जन्मनोंदणी हे उपयुक्त साधन आहे. मात्र ती पूर्ण असेल आणि अनेक वर्षांचे आकडे एकत्र घेतले, तरच तिच्यावरून भरवशाचा निष्कर्ष निघू शकतो.